माणुसकीतली ‘की’

मुकुटबन हे माझे आजोळ. झरी-जामणी तालुक्यातले हे गाव वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर आहे. शिवारात कपाशी आणि तूर, पलीकडे सागाचे रान, जमिनीच्या पोटात चुनखडी, आणि चुनखडीमागोमाग आलेला सिमेंटचा कारखाना. गावात वऱ्हाडी वळणाची मराठी, बाजारात थोडी तेलुगू, भोवतालच्या कोलामांच्या वस्त्यांवर, म्हणजे पोडांवर, कोलामी आणि गोंडांच्या गुड्यांवर गोंडी. गावाच्या नावातले ‘बन’ म्हणजे ‘वन’. तुळशीबनात आणि केतकीच्या बनात आहे तेच. इतक्या भाषा एकाच बाजाराला येत असल्या की शब्दांकडे लक्ष देण्याची सवय आपोआप लागते. मला ती तिथेच लागली.

मी सतरा वर्षांचा होतो. मामा तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे. दिवेलागणीला गुरे आखरावरून परतली, धूळ खाली बसली, की ते हातपाय धुऊन भगवी टोपी घालायचे आणि खंजिरी घेऊन सामुदायिक प्रार्थनेला निघायचे. त्या सुट्टीत मी येणार नाही म्हणालो.

“काहून?”

“मी देव मानत नाही, मामा.”

मला वाटले, आता वाद होणार. मामांनी टोपीची घडी बोटांनी नीट केली आणि म्हणाले, “नसशीन मानत. पन बसाले काय लागते? चाल, बस.”

मी गेलो आणि बसलो. समोर एक चौरंग, त्यावर पांढरे धुतलेले कापड, एक दिवा. मूर्ती नव्हती. माझे ‘मानत नाही’ आणि मामांचे ‘बस’ हे दोन शब्द तेव्हापासून माझ्याबरोबर आहेत. पुढे कोश चाळायचे वेड लागले, तेव्हा लक्षात आले की त्या दोन शब्दांत मामांनी माझ्यापेक्षा बरेच अधिक सांगितले होते.

आधी ‘मानणे’. ‘देव आहे का?’ आणि ‘तू देव मानतोस का?’ हे एकच प्रश्न आहेत असे आपण धरून चालतो. मराठी तसे धरत नाही. आपण आभार मानतो, उपकार मानतो, हार मानतो, समाधान मानतो. यांतली एकही गोष्ट बाहेर कुठे सापडते म्हणून आपण मानत नाही. आपण ती आपल्या बाजूने करतो. सगळ्यांत बोलका दाखला मानलेल्या भावाचा. मानलेला भाऊ सख्खा नसतो हे दोघांनाही ठाऊक असते, आणि तरी राखीच्या दिवशी तो दोनशे किलोमीटरवरून येतो. ‘मानला तर देव, नाही तर दगड’ ही म्हण आपण शंकेखोराची समजतो. मला ती क्रियापदाची नेमकी व्याख्या वाटते. मानण्याने वस्तू बदलत नाही, नाते तयार होते.

असण्या-नसण्याच्या प्रश्नासाठी संस्कृतात वेगळे शब्द आहेत, ते म्हणजे आस्तिक आणि नास्तिक. पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात त्यांची सिद्धी सांगितली आहे. ज्याची मती ‘अस्ति’ अशी आहे तो आस्तिक, ज्याची मती ‘नास्ति’ अशी तो नास्तिक. बस, इतकेच. त्यात शिवी नाही, नरक नाही. त्याच सूत्रात तिसराही आहे, दिष्ट म्हणजे नशीब मानणारा, दैष्टिक. तिघांना एका सूत्रात, एकाच प्रत्ययाने बसवून पाणिनी पुढे निघून जातो. व्याकरणकाराची ही समदृष्टी मला फार मोलाची वाटते. शिवी नंतर चिकटली.

‘पाखंड’ या शब्दाची दशा त्याहून वाईट झाली. अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ म्हणजे कुठलाही धर्मपंथ, ब्राह्मणांचा, बौद्धांचा, जैनांचा, आजीवकांचा. बाराव्या शिलालेखात तो सगळ्या पासंडांचा मान राखायला सांगतो, आपल्या पंथाची उगाच स्तुती आणि दुसऱ्याची उगाच निंदा टाळायला सांगतो. पाषंडाच्या ‘ष’चा ‘ख’ झाला, पाखंड झाले, आणि अर्थ उरला तो ढोंग नि धर्मद्रोह. जो शब्द एके काळी सगळ्यांना सामावत होता तो ‘आपल्यातला नसलेला’ एवढ्यापुरता आकसला. असे आकसलेले शब्द पाहिले की त्या त्या काळी समाजाचे काय झाले असेल याचा अंदाज येतो.

मन् म्हणजे विचार करणे, या धातूचे गोत्र मोठे आहे. मन, मती, मत, मंत्र, मुनी, मनू आणि मनुष्य. ‘मत’ म्हणजे विचार करून झालेले ते. मतपेटीत आपण टाकतो ते हेच, निदान असायला हवे ते हेच. मनुष्याची व्युत्पत्ती यास्काने निरुक्तात दिली आहे, ती भाषाशास्त्राच्या काट्यावर उतरो न उतरो, मला सोडवत नाही. मनुष्य कशावरून? तर विचार करून आपली कर्मे शिवतात म्हणून. यास्काने ‘करतात’ म्हटलेले नाही. सीव् हा शिवण्याचाच धातू वापरला आहे.

आजीकडे जुन्या लुगड्यांची गोधडी होती. ती शिवताना आजी आधी सगळे तुकडे अंगणात मांडायची. नुसते मांडून ठेवायची आणि दुपारभर बघत बसायची. एखादा उचलून दुसरीकडे ठेवायची. मोठ्या मावशीच्या लग्नातला हिरवा काठ कुठे येणार हे ठरल्याशिवाय सुई हातात घ्यायची नाही. मग धावदोरा, एकामागून एक, कडेपासून मध्याकडे. यास्क वाचताना मला ते अंगण दिसते. आधी मांडणे, मग बघणे, मग टाका. आपल्या श्रद्धांचेही असेच करावे लागते, आणि तुकडे बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच लुगड्याचे असतात.

मनुष्याचे किंवा मानुषाचे प्राकृतात ‘माणुस’ झाले आणि आपल्याकडे ‘माणूस’. या शब्दाचे मराठी व्याकरण बघण्यासारखे आहे. ‘तो माणूस’ म्हणताना शब्द पुल्लिंगी असतो. अनेक झाले की ‘ती माणसे’, नपुंसकलिंगी. ‘माणसे जमली’ म्हटल्यावर त्यात बाया, गडी, म्हातारे, पोरे सगळी येतात, आणि भाषेला त्यांचे लिंग विचारावेसे वाटत नाही. एकट्याला भाषा पुरुष समजते, पण सगळे मिळून आले की तो हट्ट सोडते. जोतीराव फुल्यांना मात्र हे पुरेसे वाटले नाही. ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये निघाले. त्यात ते जागोजागी ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ हे दोन्ही शब्द लिहितात. बाईला कुठल्याही सामान्यनामात गडप होऊ द्यायचे नाही, हे त्यांनी ठरवलेले होते. देवासाठी रूढ शब्द होते, तरी ‘निर्मिक’ हा स्वतःचा शब्द घडवला. ज्याला स्वतःच्या श्रद्धेचा हिशेब मांडायचा असतो, त्याला जुन्या शब्दांवर फार काळ भागवता येत नाही.

माणूस हा शब्द मराठीने किती वापरला, हे त्याच्या वाक्प्रचारांवरून कळते. माणसे जोडावी लागतात, राखावी लागतात. वाया गेलेला माणसातून उठतो. सावरलेला माणसात येतो. आजारातून बऱ्या झालेल्या, दारू सुटलेल्या, दुःखातून बाहेर आलेल्या कुणालाही आपण ‘माणसात आला’ म्हणतो. म्हणजे माणूस असणे ही जन्माने कायमची मिळालेली गोष्ट नाही. ती एक जागा आहे, तिथून उठताही येते आणि तिथे परतही येता येते.

आता ‘माणुसकी’ घ्या. भाववाचक नाम करायला संस्कृताकडे ‘ता’ आणि ‘त्व’ आहेत, मराठीकडे ‘पण’ आणि ‘पणा’. माणूसपण हा शब्दही आहेच. मग ‘की’ कुठून आली? तिच्या रांगेतले शब्द मांडून बघा: पाटीलकी, मास्तरकी, वैदकी, सुतारकी, भाऊबंदकी, आपुलकी. काही हुद्दे आहेत, काही धंदे, काही नात्यातले वागणे. या सगळ्यांत समान काय, तर ते नुसते असून चालत नाही, करावे लागते. मास्तर शाळेत गेलाच नाही तर त्याची मास्तरकी कसली? वैदकी औषधाच्या पिशवीत नसते, नाडीवर ठेवलेल्या बोटात असते. माणुसकी या बिरादरीतली आहे. रोज हात घालायचे, अंगावर घ्यायचे काम म्हणून मराठीने माणूस असण्याला ‘की’ लावली, असे मी समजतो.

याच्या शेजारी ‘मानवतावाद’ ठेवा. हा शब्द मला शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला भेटला. 42व्या घटनादुरुस्तीने 1976 मध्ये मूलभूत कर्तव्यांची यादी संविधानात आली. त्यातल्या एका कर्तव्यात वैज्ञानिक दृष्टीच्या जोडीला मानवतावाद आहे. जगातल्या फार थोड्या देशांनी मानवतावाद नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहून ठेवला असेल. मानवेंद्रनाथ रॉय यांनी 1940च्या दशकात मांडलेला विचार मराठीत ‘नवमानवतावाद’ म्हणून आला. वाईच्या पाठशाळेत घडलेले, धर्मकोशाचे काम अंगावर घेतलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्या विचाराकडे वळले. वेद पचवलेल्या शास्त्र्याने माणसाला केंद्रस्थानी ठेवावे, आणि तेही वेदांकडे पाठ न फिरवता, हा महाराष्ट्राच्या विचारविश्वातला मोठा प्रसंग आहे.

तरी शब्द म्हणून ‘मानवतावाद’ जिभेवर रुळला नाही. त्याची शेपटी वद् या धातूची, म्हणजे बोलण्याची. दोन्ही शब्दांची क्रियापदे पाहा. मानवतावाद मांडतात, स्वीकारतात, त्याचा पुरस्कार करतात. माणुसकी दाखवतात, राखतात, तिला जागतात, नाही तर सोडतात. एक व्यासपीठावर राहतो, दुसरी दारात.

इथे थांबलो असतो तर माझी वकिली माणुसकीच्या बाजूने पुरी झाली असती. पण तो अर्धाच हिशेब झाला असता, कारण दारातल्या माणुसकीचे मी जे पाहिले ते सगळे चांगले नव्हते. आजोळच्या परिसरात, माझ्या लहानपणी, एका घरच्या ओट्यासमोर मजूर ओंजळ धरून उभे राहत आणि घरातली बाई वरून पाणी ओतत असे. तांब्या ओंजळीला लागणार नाही इतक्या उंचीवरून. ती बाई मायाळू होती, उन्हात आलेल्याला गूळही द्यायची, आणि सगळे म्हणायचे, काय माणुसकी आहे! ती पाण्याची धार मी जवळून पाहिली आहे. वरून पडणारे पाणी ओंजळीतून अर्धे सांडते. ही माणुसकी देणाऱ्याच्या मर्जीवर होती, आणि तिला अंतर ठाऊक होते.

शब्दाची बाजू बदलली ती आंबेडकरी चळवळीने. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने उचलले गेले, तेव्हा धार उलटी झाली. पाणी खालून वर आले. ‘माणुसकीचे हक्क’ हा शब्दप्रयोग त्या चळवळीने मराठीत रुजवला, आणि माणुसकी ही देण्याची वस्तू न राहता मागण्याची, प्रसंगी हिसकून घेण्याची झाली. यासाठी वादच लागतो. जिथे पाटीलकी माणुसकीचे सोंग घेते तिथे बोलणारा, भांडणारा, नियम सांगणारा ‘वाद’ हवाच असतो. म्हणून आता मी दोन्ही शब्द ठेवतो. मला त्यांतला एक निवडायचा नाही.

याच चळवळीने आणखी एक शब्द परत आणला. कर्माचे प्राकृतात कम्म झाले आणि मराठीत काम. चर्म, चम्म, चाम. घर्म, घम्म, घाम. या हिशेबाने धर्म, धम्म आणि पुढे काहीतरी झिजलेले मराठी रूप यायला हवे होते. ते रुजले नाही. काम, चाम आणि घाम माणसांच्या तोंडी झिजून गुळगुळीत झाले, कारण ते रोज लागत. धर्म मात्र पोथीतून जसाच्या तसा उतरवून घेतलेला राहिला, फार तर बोलीत ‘धरम’ झाला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात आणि दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, आमच्या शेजारच्या चंद्रपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली, आणि हा मधला, लोकांच्या जिभेवर एकदा येऊन गेलेला शब्द पुन्हा घराघरांत आला. पुढच्या वर्षी निघालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातही त्यांनी ‘धम्म’ तसाच ठेवला. धर्म ज्याचा त्याचा खाजगी, धम्म माणसामाणसांतल्या वागण्याचा, असा भेद त्यांनी त्यात केला. एक माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोन झाले की आहे. हे वाचताना मला ‘की’ची आठवण होते. तीही एकट्याने करता येत नाही.

उदार विचारांच्या धर्मसमाजाचा मराठीतला मागोवा घेतला तर सुरुवातीलाच एक व्याकरणकार भेटतो, याचा मला फार आनंद होतो. दादोबा पांडुरंग तर्खडकर. 1836 मध्ये मराठीचे व्याकरण लिहिणारे. याच दादोबांनी 1844 मध्ये सुरतेत दुर्गाराम मेहतांबरोबर ‘मानवधर्म सभा’ काढली. पुढे 1849 मध्ये मुंबईत परमहंस सभा आली. ती गुप्त. सभासद होताना जातिभेद मोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा. आज कोपऱ्यावरच्या गाडीवर पावभाजी खाणाऱ्याला सांगितले तर खरे वाटणार नाही, पण त्या एका तुकड्याने माणूस जातीबाहेर जात होता. 1860च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि सभा विरली. मग 1867 मध्ये दादोबांचे धाकटे बंधू आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उभा राहिला, या वेळी उघड. पुढे रानडे, भांडारकर त्यात आले.

‘समाज’ हा शब्द त्यांनी घेतला, त्याला एक बारीक खोच आहे. अज् म्हणजे हाकणे. ‘सम्’ जोडून दोन शब्द होतात. पाणिनीच्या नियमाप्रमाणे पशूंचा तो ‘समज’, आणि अमरकोश स्पष्ट सांगतो की इतरांचा तो ‘समाज’. कळप आणि समाज यांत फक्त एका कान्याचे अंतर! योगायोग असा की मराठीत ‘समज’ म्हणजे कळणे, आणि त्याचे मूळ निराळे, ‘संबुध्’ कडचे. कळपाला समज आली की समाज होतो, असे वाटून गेले तर ती व्युत्पत्ती नाही, पण चुकीचेही नाही.

प्रार्थना समाजातूनच विठ्ठल रामजी शिंदे पुढे आले. 1901 ते 1903 ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात युनिटेरियन पंथाच्या मदतीने तुलनात्मक धर्माचा अभ्यास करत होते. परत येण्याआधी ॲम्स्टरडॅमच्या उदार धर्म परिषदेत त्यांनी भारतातल्या उदार धर्मावर निबंध वाचला. आल्यावर 18 ऑक्टोबर 1906 रोजी अस्पृश्यांसाठी मिशन काढले, आणि स्वतः त्या वस्तीत राहिले. हेच शिंदे मराठी आणि कानडी यांच्या नात्यावरही लिहीत. शब्दांचा आणि माणसांचा नाद एकाच माणसाला असणे हे मला स्वाभाविक वाटते.

‘उदार’ हा शब्दही नीट पाहावा. त्यात ‘उद्’ आहे, वर उठणे. मूळ अर्थ उंच, उमदा. सढळ हात नंतर आला. मराठीत ‘जिवावर उदार होणे’ आहे, म्हणजे स्वतःचा जीव हातात घेऊन उभे राहणे. उदार म्हणजे सगळे चालते असे म्हणणारा, हा आजचा पातळ अर्थ या वाक्प्रचारापुढे टिकत नाही. आणि त्याच्यासारखाच कानाला लागणारा ‘उधार’ आला तो संस्कृत ‘उद्धारा’तून. दुकानातली उधारी आणि संतांनी केलेला उद्धार एकाच घरचे! ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी मुकुटबनच्या किराणा दुकानात वाचतच मी मोठा झालो. आपल्या समजुतींना हे माप लावून बघावे. माझ्याजवळच्या किती श्रद्धा मी स्वतः मोल देऊन घेतल्या आणि किती उधारीवर चालल्या आहेत? माझ्या नास्तिकपणाचाही बराचसा भाग उधारीचाच होता. सतराव्या वर्षी वाचलेल्या दोन पुस्तकांची ती उधारी होती, आणि ती मी फार उशिरा फेडली.

‘श्रद्धा’ शब्दातच ठेवण्याची क्रिया आहे. ‘श्रत्’ आणि ‘धा’, म्हणजे ठेवणे. लॅटिनमधला ‘क्रेडो’ तिचा सख्खा भाऊ. मराठीत आपण श्रद्धा ‘ठेवतो’, म्हणजे नकळत धातूचा अर्थ पुन्हा उच्चारतो. ठेवलेली वस्तू उचलून पाहता येते, पुसून परत ठेवता येते. डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर विवेक हा शब्द उच्चारत राहिले. विवेक म्हणजे वि आणि विच्, वेगळे करणे, दाणा आणि फोलपट. 20 ऑगस्ट 2013 रोजी त्यांचा खून झाला. त्यांनी ज्यासाठी जीव टाकला त्या कायद्याच्या नावातच ‘अमानुष’ हा शब्द आहे. नरबळी आणि इतर अमानुष प्रथा. राज्याच्या विधिमंडळाने ‘मानुष’ म्हणजे काय नाही, हे कायद्यात लिहिले. शब्दाच्या इतिहासात ही नोंद व्हायला हवी.

आता मामांच्या ‘बस’कडे येतो.

प्रार्थनेत ‘अर्थ्’ आहे, मागणे. अर्थी, विद्यार्थी, शरणार्थी यांतलाच. देव न मानणाऱ्याला मागण्यासारखे काही नसते आणि मागायला कुणी नसते, म्हणून त्या संध्याकाळी मला अडचण वाटत होती. पण आपल्याकडे दुसरा शब्द आहे, ‘उपासना’. उप म्हणजे जवळ, आस् म्हणजे बसणे. जवळ बसणे, एवढेच. आसन त्यातलेच. विठ्ठल रामजींनी पुढे पुण्यात काढलेल्या मंडळाचे नाव ‘कौटुंबिक उपासना मंडळ’ होते. मागणे जमत नसेल त्याला बसता येते. हे मामांना ठाऊक होते, धातू ठाऊक नसताना.

तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला, तिथल्या प्रार्थनेच्या अधिष्ठानावर मूर्ती नाही. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला 1909 मध्ये जन्मलेला हा माणूस खंजिरीवर भजने गात गावोगाव फिरला, 1942च्या चळवळीत तुरुंगात गेला, 1955 मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेला जाऊन आला, आणि 41 अध्यायांची ‘ग्रामगीता’ लिहिताना देवापेक्षा गावाच्या गटारांना, शाळांना, भांडणांना अधिक जागा दिली. आसन रिकामे ठेवले की कुणाचा देव मोठा हा प्रश्न बाहेर राहतो. शेजारचा मुसलमान शिंपी येऊन बसू शकतो, पोडावरचा कोलाम येऊन बसू शकतो, मीही बसू शकतो. कित्येक ठिकाणी आता त्या आसनावर महाराजांचाच फोटो आलेला दिसतो. लोकांच्या प्रेमाने आला हे मला कळते. तरी मला रिकामे आसन हवे आहे, आणि ते मी मंडळातल्या लोकांना स्पष्ट सांगत आलो आहे.

‘समुदाय’ शब्दातही तो ‘उद्’ आहे. सम्, उद्, आणि इ म्हणजे जाणे. एकत्र वर येणे. मामांकडे दिवे विझवून माणसे उठायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीच माणसे खराटे घेऊन चावडीसमोर जमायची. मी त्यांतही गेलो. बसण्यासाठी बोलावले होते त्यांनी, झाडण्यासाठी मी आपण होऊन गेलो. नाली उपसताना कुणी मला काय मानतोस ते विचारले नाही. उपासना आणि माणुसकी यांच्यामध्ये रात्रीची झोप तेवढी होती.

मामा आता नाहीत. टोपी माझ्याकडे आहे. मी ती घालत नाही, पण गावी असलो की प्रार्थनेला बसतो.

एक विनंती करून थांबतो. गोंड स्वतःला कोयतूर म्हणवतात, कोलाम स्वतःला कोलावर. आदिलाबादच्या गोंडांमध्ये कोलाम हे देवांचे पुजारी असतात, हे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फने 1948च्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. म्हणजे भाषा वेगळी, जमात वेगळी, आणि तरी पूजेला बोलावणे शेजाऱ्याला. उदार धर्म म्हणून जे आपण ऑक्सफर्ड आणि ॲम्स्टरडॅमपर्यंत शोधत गेलो ते पैनगंगेच्या दोन्ही काठांवर आधीपासून नांदत होते. भाषाशास्त्रज्ञ एमेनोने 1955 मध्ये कोलामीवर पुस्तक लिहिले, सेतुमाधवराव पगडींनी तिचे व्याकरण लिहिले. पण घरातल्या रोजच्या बोलण्यातले शब्द पुस्तकात पुरते उतरत नाहीत. झरी-जामणी, मारेगाव, वणी, केळापूर या तालुक्यांत शिकवणाऱ्या शिक्षकांनी आपल्या वर्गातल्या कोलाम आणि गोंड मुलांना एक काम द्यावे. घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायचे: चांगल्या वागणाऱ्याला आपल्या भाषेत काय म्हणतात, ‘माणसात आला’ हे कसे म्हणतात, आणि पाहुण्याला ‘बस’ कसे म्हणतात. उत्तरे वहीत देवनागरीत लिहायची, सांगणाऱ्याचे गाव आणि तारीख घालायची, आणि ती वही शाळेच्या कपाटात जपून ठेवायची.